म्बाह पुत्रींची पेडांग : ओळखीच्या नोंदी

सुराकार्ता, मध्य जावा. एप्रिल ते जून २०२५

रविवार, १३ एप्रिल

घरमालकीणबाईंनी आज कपाटावरून एक लांब गाठोडं उतरवून घेतलं. त्यांना मी म्बाह पुत्री म्हणते. इथे आजीला असंच म्हणतात, आणि आजोबांना म्बाह काकुंग. कोऱ्या पांढऱ्या कापडाचे तीन वेढे, आत तलवार. म्बाह काकुंग गेल्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून ते कुणी उघडलं नव्हतं.

"न्दुक, तू लोखंडाचंच काम करतेस ना? मग ही काय आहे ते मला कागदावर लिहून दे."

न्दुक म्हणजे पोरी. मी इथल्या एका कारखान्यात धातूंची प्रयोगशाळा सांभाळते, एवढ्यावर त्यांचा हा विश्वास. घरात तलवारीबद्दल तीन गोष्टी सांगतात: ही लांब केरिस (इथली पारंपरिक कट्यार) आहे, ही जावातल्या जुन्या माजापाहित राज्याच्या काळातली आहे, आणि हिचं लोखंड आकाशातून पडलेलं आहे. जकार्त्याच्या नातवाला ती विकायची आहे, एका व्यापाऱ्याने उल्केच्या नावाखाली भावही सांगून ठेवला आहे. म्बाहना आधी खरं काय ते हवं, मग बाकीचं.

एक नियम मी स्वतःपुरता ठरवला. नोंद पुरी होईपर्यंत पात्याला तेल, कागद, लिंबू काही लावायचं नाही. जे दिसतं ते आधी लिहायचं आणि नाव शेवटी द्यायचं.

सोमवार, १४ एप्रिल

मापं. पात्याची लांबी ५६.५ सेंमी. रुंदी मुठीपाशी ३१ मिमी, मध्यावर २८. पाठीची जाडी मुठीपाशी ७ मिमी, अणीच्या हातभर अलीकडे ४. पातं सरळ, अगदी शेवटी पाठ किंचित खाली उतरून अणीला मिळते. धार एकाच बाजूला. पात्यावर खाच नाही, सोन्याचं काम नाही, अक्षरं नाहीत. मूठ शिंगाची, हाताला आड येणारी परज नाही. म्यान लाकडी, तोंडाशी पांढऱ्या धातूची पट्टी.

रंग करडा-काळा. तिरप्या उजेडात धरलं की त्यावर उजळ रेषांची वळणं दिसतात. नकाशात डोंगराची चढण दाखवायला वेढे काढतात तशी.

रविवार, २० एप्रिल

'लांब केरिस' हे नाव आज खोडलं.

केरिस नागमोडीच असते हा माझा समज होता. तो इथल्या केरिस नुसांतारा संग्रहालयात जाऊन मोडला. हे संग्रहालय २०१७ साली उघडलं, घरापासून दूर नाही, आणि आज मी तिथे तीन तास काढले. सरळ पात्याच्या केरिसी भरपूर आहेत. तेव्हा वळणांवरून काही ठरत नाही, ठरतं ते बुडाशी. केरिसचं पातं मुठीकडे एका अंगाला रुंद होत जातं, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या नसतात, आणि बुडाखाली बहुतेक वेळा एक वेगळा आडवा तुकडा बसवलेला असतो. त्याला गांजा म्हणतात. शिवाय केरिस दुधारी, आणि तिचं काम भोसकण्याचं. आपल्या पात्याला बुडाशी रुंदावा नाही, गांजा नाही, पाठ जाड आणि बोथट. ही पेडांग, म्हणजे तलवार.

म्बाहना सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही. "तलवार तर तलवार. पुढे?"

रविवार, २७ एप्रिल

पात्यावरच्या नक्षीचा दिवस.

इथे या नक्षीला पामोर म्हणतात. पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या मनात आपल्याकडचं जौहरदार पोलाद आलं, दख्खनमध्ये मुशीत बनवत आणि ज्याची दूरदेशी निर्यात होई ते. पहिल्या दिवशी वहीत 'जौहरासारखं' असा शब्दही लिहिला होता. तो चुकीचा होता, आणि का चुकीचा हे नीट लिहायला हवं, कारण सगळी ओळख या फरकावर उभी आहे.

मुशीतल्या पोलादात सगळा धातू एकच असतो. तो हळूहळू थंड होताना कार्बनचे कठीण कण आपोआप रांगांत बसतात, आणि आम्लाने त्या रांगा उघड होतात. म्हणजे ती नक्षी धातूच्या आतून उगवते. पामोर लोहार घडवतो. साधं लोखंड आणि निकेल असलेलं उजळ लोखंड यांच्या पट्ट्या एकावर एक ठेवून तापवायच्या, ठोकून एकजीव करायच्या, ताणायच्या, घडी घालायची, पुन्हा ठोकायच्या.

दहापट भिंगाखाली पाठ पाहिली तेव्हा मला हे लख्ख दिसलं. पात्याच्या अंगावरची नक्षी गुंतागुंतीची असते, पण पाठ खरं बोलते. मिटलेल्या पुस्तकाच्या पानांच्या कडा दिसाव्यात तसे थर एकमेकांशेजारी, आणि बरोबर मध्ये एक सपाट करडी पट्टी, तिच्यात एकही रेघ नाही. तो पोलादाचा गाभा, इथला शब्द स्लोरोक. तोच खाली धारेला बाहेर येतो. धार कठीण राहावी म्हणून पोलाद मध्ये, आणि नक्षीची कातडी दोन्ही अंगांना.

गाभ्याच्या एका बाजूचे उजळ थर चार वेळा मोजले: २९, ३१, ३०, ३०. निकेलचा एक थर मध्ये धरून पाच घड्या घातल्या तर उजळ थर ३२ होतात. एक-दोन थर कानशीखाली गेले असतील. म्हणजे फार घड्या घातलेलं काम नाही. घड्या वाढल्या की रेषा केसासारख्या बारीक होतात, इथल्या रेषा सुतळीच्या धाग्याएवढ्या आहेत.

थर पात्याच्या अंगाला समांतर निजलेले आहेत. अशा रचनेला इथे म्लुमाह म्हणतात, म्हणजे उताणं. थर उभे कडेवर लावले तर ती मिरिंग रचना, आणि तिच्यात रेषा पात्यालगत लांबच लांब धावतात. आपल्याकडे गोल, तुटक, सांडल्यासारखी वळणं आहेत: निजलेल्या थरांवर हातोड्याचे उंचसखल घाव बसले, मग कानशीने सपाट करताना वरचे थर जागोजाग कापले गेले, आणि खालचे वेढ्यांसारखे उघडे पडले. अंगणातल्या चिखलाचे पापुद्रे पायाखाली झिजून खालचे दिसू लागतात तसंच.

या नक्षीचं नाव बेरास वुताह. अर्थ, सांडलेले तांदूळ. भरल्या घराची खूण मानतात. उंबऱ्यावरचं माप पायाने लवंडून घरात येणाऱ्या नवरीची आठवण मला झाली, आणि ते म्बाहना सांगितलं. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं, मग मुलीला फोन करून तिसऱ्यांदा.

रविवार, ४ मे

तलवार घरी ठेवून आज चांदी सुकुहला गेले. (चांदी म्हणजे इथे जुनं देऊळ.) लावू पर्वताच्या पश्चिम उतारावरचं पंधराव्या शतकातलं देऊळ, माजापाहितच्या उतरत्या काळातलं. तिथे एका दगडी पाटावर लोहाराची शाळा कोरली आहे. डावीकडे भीम पातं घडवतो आहे, उजवीकडे अर्जुन भाता मारतो आहे, आणि दोघांच्या मध्ये गणपती नाचतो आहे.

मी त्या पाटासमोर बराच वेळ नुसती बसले. भट्टीच्या धगीत नाचणारा गणपती मी आधी कधी पाहिला नव्हता. पुण्यातल्या आमच्या घरी गणपती येतो, पण तो पाटावर बसतो. इथला मात्र लोखंड मऊ होण्याच्या, एकाचं दुसरं होण्याच्या क्षणी एक पाय उचलून उभा आहे.

कामाची नोंद भात्याची. अर्जुनाच्या हाताखाली दोन उभ्या नळ्या आहेत, प्रत्येकीत दट्ट्या. एक वर जाताना दुसरा खाली येतो, त्यामुळे वारा तुटत नाही. थर एकजीव करायचे तर आच अखंड लागते, मध्येच पडली की दोन पट्ट्यांमध्ये धातुमळीची रेघ अडकते. आपल्या पात्यावर अशी एक जागा आहे, मुठीपासून १९ सेंमीवर, नखाएवढी फट. मी ती नुकसान म्हणून लिहिली होती. आता 'घडवतानाची सुटलेली जोड' असं लिहिलं.

रविवार, ११ मे

म्यान घेऊन म्रांग्गीकडे गेले. म्रांग्गी म्हणजे म्यानं आणि मुठी करणारा कारागीर. लोहार वेगळा, म्रांग्गी वेगळा. या माणसाने पातं म्यानात घालून कानाशी हलवलं, खुळखुळ ऐकली आणि म्हणाला, "हे दुसऱ्याचे कपडे."

तोंडाशी आतली फट ३८ मिमी, पातं ३१. खालच्या अंगाला म्यानाची जोड सुटली आहे. तिथून आत डोकावलं तर पोकळीत पात्याच्या घासण्याच्या खुणा कडेला नाहीत, मध्येच आहेत, एका रुंद पात्याच्या. म्यान आधी दुसऱ्या तलवारीचं होतं, आपली नंतर त्यात आली. तोंडाची पट्टी जर्मन सिल्व्हर. तांबं, जस्त आणि निकेलची ही मिश्रधातू जर्मनीत १८२० च्या दशकात बनू लागली, तेव्हा पट्टी त्यानंतरचीच. पात्याच्या वयाबद्दल ती काही सांगत नाही. म्बाहच्या घरी आजवर जे तज्ज्ञ आले त्यांनी म्यान बघून काळ सांगितला होता. पोशाख बघून माणसाचं वय सांगण्यासारखं ते झालं.

मूठ त्याने माझ्यासमोर सोडवली. मुठीतली राळ मंद आचेवर मऊ केली आणि हाताने फिरवून ओढली, एकही ठोका न मारता. आपल्याकडच्या तलवारींत पातं लाखेने बसवतात, तीच युक्ती. मुठीत जाणारा दांडा ९ सेंमी, चौकोनाकडे झुकणारा गोल, टोकाकडे निमुळता. त्यावर नक्षी नाही, साधं लोखंड, खोल खाल्लेलं. दांड्यासकट पात्याचं वजन ४१५ ग्रॅम. हातात इतकी हलकी लागते याचं कारण कळलं: पाठ अणीकडे सतत बारीक होत जाते, भार सगळा मुठीशी राहतो.

सोमवार, १९ मे

परवानगी घेऊन पातं प्रयोगशाळेत नेलं. भंगारातली मिश्रधातू ओळखायला आम्ही हातात धरायचं एक्स-रे यंत्र वापरतो, त्याने सात जागा तपासल्या.

गाभा, म्हणजे धार: निकेल जवळजवळ शून्य. नक्षीचा भाग: निकेल १.१ ते १.८ टक्के. यंत्राचा डोळा ८ मिमीचा असल्याने उजळ आणि काळ्या रेषांची सरासरी येते, एकट्या उजळ रेषेत याहून बरंच जास्त असणार. पण निकेल आहे, हे पक्कं. हे तपासणं गरजेचं होतं, कारण फॉस्फरस जास्त असलेलं लोखंडही आम्लात उजळ राहतं आणि नुसत्या डोळ्याला पामोर वाटतं.

सातही जागी सोमल (आर्सेनिक) सापडला. तो पात्यात नाही, पात्यावर आहे. इथे लिंबाच्या रसात सोमलाचं खनिज मिसळून पात्यावर चढवतात. या लेपाला वारांगान म्हणतात. त्याने लोखंड काळवंडतं आणि निकेलचे थर रुपेरी राहतात. आपल्या भाषेत हरताळ फासणं म्हणजे होतं ते पुसून टाकणं. हरताळ सोमलाचाच भाऊबंद, आणि इथे तोच सोमल लपलेलं दाखवतो. (उघड्या हाताने कुणी धरू नये म्हणून गाठोड्यावर चिठ्ठी लावली. लहान पणतू रांगता आहे.)

आता उल्का. मध्य जावातल्या प्रांबानानजवळ अठराव्या शतकाच्या अखेरीस मिळालेली लोखंडी उल्का सुराकार्ताच्या राजवाड्यात आणली गेली, तिला क्याई पामोर हे आदराचं नाव मिळालं, आणि दरबारच्या काही शस्त्रांत तिचं लोखंड वापरलं गेलं. हे खरं आहे. तिच्यात निकेल साधारण नऊ टक्के. पण निकेल सापडलं म्हणजे उल्का सापडली असं होत नाही. सुलावेसी बेटावरच्या लुवू प्रदेशात मातीतच निकेल असलेलं लोहखनिज आहे आणि ते लोखंड शतकानुशतकं समुद्रमार्गे जावाला येत होतं. 'पामोर लुवू' हा शब्दच बाजारात होता. उल्केची दुसरी खूण कोबाल्ट, पण आलेखावर लोखंडाच्या मोठ्या शिखराच्या सावलीत त्याचं शिखर माझ्या यंत्राला वेगळं काढता येत नाही. पातं कापून नमुना घेतला तर वेगळ्या यंत्रांवर ते जमेल. ते मी करणार नाही, आणि म्बाहही करू देणार नाहीत.

पण एक गोष्ट यंत्राशिवाय कळते. माजापाहित राज्य सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला संपलं. प्रांबानानची उल्का त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी राजवाड्यात आली. व्यापारी एकाच तलवारीला माजापाहितचीही म्हणतो आणि प्रांबानानच्या उल्केचीही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. नातवाला हे मी फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "दीदी, हे लिहून पाठवा."

रविवार, २५ मे

माझी चूक सापडली.

१४ एप्रिलला मी 'धार एकाच बाजूला' लिहिलं. तेवढ्यावर विसंबून ओळखीच्या कार्डावर तलवारीच्या प्रकारासमोर 'सबेत' लिहून मोकळी झाले होते. सबेत म्हणजे फटका. छाटणाऱ्या तलवारी त्या गटात. आज म्बाहच्या ओट्यावर सकाळचं ऊन पाठीवर तिरपं पडलं आणि अणीपासून मागे १७ सेंमी पाठ अचानक बारीक झालेली दिसली. बोट फिरवलं (हातमोज्यातून). तिथे पाठीलाही धार काढलेली आहे, आता बोथट, पण दोन्ही अंगांनी उतार देऊन मुद्दाम काढलेली. मी पाठीची जाडी अणीच्या हातभर अलीकडेच मोजली, पुढे गेलेच नव्हते.

शेवटचे १७ सेंमी दुधारी, पातं सरळ, वजन मुठीकडे, अणी टोकदार आणि मध्यरेषेजवळ. हे फटक्याचं शस्त्र नाही. ही पेडांग सुडुक. सुडुक म्हणजे भोसकणं.

संग्रहालयात आणि त्रिविंदुच्या जुन्या बाजारात लुवुक, लामेंग अशी आणखी नावं कानावर आली. ती मी कार्डावर घातली नाहीत. एकाच आकाराला दोन माणसं दोन नावं देताना मी ऐकली. घडणीवरून आणि कामावरून जे सिद्ध करता येतं ते सुडुक, आणि त्याच्यासाठी मला कुणाचा शब्द उसना घ्यावा लागत नाही.

रविवार, १ जून

तांग्गुह, म्हणजे घडणीवरून काळाचा आणि प्रदेशाचा अंदाज. शब्दाचा अर्थच अंदाज असा आहे, हे इथले जाणकार आधी सांगतात आणि मग बोलतात. मला ते फार आवडतं.

पाती शिकवण्यात आयुष्य घालवलेले एक निवृत्त गुरुजी घरी आले. पातं घेण्यापूर्वी त्यांनी ते कपाळाला लावलं. तळहातावर तोललं, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला, लोखंडाचा पोत जवळून पाहिला, आणि सगळ्यात जास्त वेळ नक्षीवर नख फिरवलं. उजळ रेषा नखाला लागतात. शेजारचं लोखंड पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुण्याने खाल्लं गेलं, निकेल टिकलं, म्हणून रेषा उंच राहिल्या. आजकाल शुद्ध निकेलचा पत्रा घालून केलेली पाती असतात, त्यांत रेषा चांदीसारख्या पांढऱ्या आणि कडा सुरीने कापल्यासारख्या. इथे कडा विरघळत जातात, रंग राखी. नवं काम नाही, यावर आमचं एकमत.

माजापाहितची त्यांना वाटत नाही. मातारमच्या, म्हणजे मध्य जावातल्या नंतरच्या राज्याच्या, घराण्यातली, असं त्यांचं मत. मातारम १७५५ च्या गियांती तहाने सुराकार्ता आणि योग्याकार्ता अशी दुभंगली. पातं फाळणीच्या आधीचं की नंतरचं, यावर ते म्हणाले, "तुझ्या कागदावर दोन्ही लिही." मी लिहिलं: मातारम परंपरा, अठरावं शतक किंवा एकोणिसाव्याचा पहिला भाग, अंदाज.

रविवार, २२ जून

सुरो, म्हणजे जावी वर्षाचा पहिला महिना, गुरुवारी संध्याकाळी लागतो, आणि वडिलोपार्जित शस्त्रं याच महिन्यात धुतात. प्रश्न असा, की पात्याला नव्याने वारांगान चढवायचं का. नातू हो म्हणतो, फोटो उठून येईल. रीत अशी की आधी नारळाच्या पाण्यात भिजवून, लिंबाने घासून पातं पांढरं करायचं, मग लेप. दर वेळी लोखंडाचा एक पापुद्रा जातो. धारेशी नक्षीची कातडी आधीच कागदाएवढी उरली आहे. दोन ठिकाणी आतला गाभा डोकावतो.

मी दोन्ही बाजू म्बाहसमोर ठेवल्या आणि माझं मतही सांगितलं: नको. तिरप्या उजेडात तांदूळ अजून दिसतात.

त्या म्हणाल्या, "माझ्याही चेहऱ्यावर कुणी लिंबू घासू नये." मग ठरलं, फक्त तेल.

गुरुवार, २६ जून

मालाम सातू सुरो, सुरोच्या पहिल्या तिथीची रात्र. जावाची दिनदर्शिका १६३३ साली सुलतान आगुंगने चंद्रावर बेतली, पण वर्षांची मोजणी शकाचीच पुढे चालू ठेवली. आज रात्री १९५९ लागतं. आपल्याकडे शालिवाहन शके १९४७ चालू आहे. चांद्र वर्ष अकरा दिवसांनी तोकडं आणि इथे अधिक महिना धरत नाहीत, म्हणून पावणेचारशेहून अधिक वर्षांत इथला आकडा बारा वर्षं पुढे सरकला. म्बाहच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तो आकडा पाहून मला कुणीतरी लांबचं नातलग भेटल्यासारखं झालं.

बाहेर लोक काळ्या कपड्यांत राजवाड्याकडे निघाले. घरात दिवे मंद. जाईच्या फुलांचं पाणी एका वाटीत, चंदनाचं तेल दुसरीत. म्बाहनी कुंचल्याने तेल लावलं, मुठीकडून अणीकडे, एकाच दिशेने, दोन्ही अंगांना. मी हातमोजे देऊ केले तेव्हा त्यांनी निमूट घातले. जादा तेल मी टिपून घेतलं. ओल्या पात्यावर सगळे वेढे एकदम वर आले.

मग कार्ड वाचून दाखवलं, आधी इंडोनेशियन, मग मोडक्यातोडक्या जावीत:

पेडांग सुडुक. पातं सरळ, ५६.५ सेंमी, पुढचे १७ सेंमी दुधारी. पोलादी गाभा, दोन्ही अंगांना पामोर, म्लुमाह रचना, बेरास वुताह. उजळ थरांत निकेल. लोखंड उल्केचं असल्याचा पुरावा नाही. मातारम परंपरा, अठरावं शतक किंवा एकोणिसाव्याचा पहिला भाग, अंदाज. म्यान नंतरचं, दुसऱ्या पात्याचं. पात्यावर सोमल आहे, हातमोजे घालावेत.

"एक राहिलं," म्हणून त्यांनी पेन मागितलं आणि खाली म्बाह काकुंगांचं नाव लिहिलं, त्याखाली त्यांच्या वडिलांचं, त्याखाली त्यांच्या. तिथून मागची नावं त्या उद्या नणंदेला विचारणार आहेत.

म्रांग्गीने नवं साधं म्यान जुलैच्या अखेरीस देतो म्हटलं आहे. जुनं वेगळं ठेवलं, त्यालाही चिठ्ठी. तोवर पातं नव्या पांढऱ्या कापडात, कपाटावर, धार भिंतीकडे.